साहित्य : आईच्या गुडघ्यांचे तेल

प्राथमिक शाळेतला शिक्षक सकाळी उठतो, शाळेत जातो आणि शिकवतो, असं लोकांना वाटतं. तसं नाही. तो आधी टाचण लिहितो. उद्या कोणत्या वर्गाला कोणता घटक शिकवणार, त्यातून मुलांना काय यावं, साहित्य काय लागेल, फळ्यावर काय लिहिणार, शेवटी कोणते प्रश्न विचारणार, हे सगळं एका वहीत रकाने आखून लिहायचं. मुख्याध्यापकांनी त्यावर लाल शाईने सही करायची. मग दुसऱ्या दिवशी जमलं तर शिकवायचं. शिकवलेलं साहेबांना दिसत नाही, टाचण दिसतं. त्यामुळे काळजी कशाची आधी घ्यायची हे कुणालाही कळेल.

मला टाचण लिहायला मनापासून आवडायचं. हे वाक्य छापून आल्यावर माझे निम्मे सहकारी माझ्याशी बोलणं सोडतील, याची मला कल्पना आहे. पण माझा स्वभावच यादी करण्याचा. दळण, रॉकेल, पत्रं, कुणाला काय उसनं दिलं, सगळ्याची यादी. नांदेडकडच्या भोकरला आमच्या घरी आई म्हणायची, "ही पोरगी श्वास पण यादीत लिहून घेऊन राहिली." बाकीचे शिक्षक शनिवारी दुपारी मान मोडून आठवड्याचं टाचण लिहीत. मी नोकरीच्या पहिल्याच मे महिन्यात पुढच्या अख्ख्या वर्षाचं लिहून टाकलं. गणित आणि विज्ञान, पहिली ते चौथी, तारखेची जागा कोरी ठेवून. मला शिकवायची होती पहिली-दुसरी. तिसरी-चौथीचं लिहायचं काही कारण नव्हतं. हात चालू होता, एवढंच.

शाळा निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या अंगाला. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं वाचतात आणि लगेच पत्र टाकतात. दोन खोल्या, दोन शिक्षक. एक मी, दुसरे मुख्याध्यापक शिवलिंगप्पा गुरुजी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात खादीचा सदरा, आणि हातात छडीऐवजी एक जोंधळ्याचं वाळलेलं लांब ताट, तेही फक्त फळ्यावर दाखवायला. ते मला अक्का म्हणत, वयाने बापाएवढे असून. ही शाळा त्यांनीच लिंबाखाली सुरू केली होती. रेल्वे रुळाचा एक तुकडा कुठून तरी मिळवून तो झाडाला टांगला आणि पहिली घंटा त्यांनीच वाजवली होती. निवृत्तीला जेमतेम वर्ष राहिलं होतं. त्यांची एकच इच्छा होती आणि ती ते दर चार दिवसांनी बोलून दाखवत. पहिला टोल मी दिला, शेवटचा पण मीच देणार आणि घरी जाणार. घर समोरच होतं, रस्ता ओलांडला की.

गुरुजींना टाचण ही गोष्ट माहीत नव्हती असं नाही. ती त्यांना पटत नव्हती. अपूर्णांक शिकवायचा असला की ते मुलांच्या डब्यातली भाकरी मागून घेत, आठ तुकडे करत, चार स्वतः खात आणि विचारत, आता किती उरली. ज्याची भाकरी असे तो पोरगा जन्मात विसरत नसे. याचं टाचण काय लिहिणार?

त्याच सुमारास लातूर वेगळा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवं कार्यालय, नव्या खुर्च्या आणि नवे साहेब. आमच्या भागाला आलेले विस्तार अधिकारी तर कामाला फारच पक्के होते. आधीचे साहेब टाचणवही हातात घेत, वजन बघत आणि सही करत. हे वाचत. वाचून साहित्याच्या रकान्यावर बोट ठेवत आणि म्हणत, दाखवा. चुंबक लिहिलंय ना, दाखवा. आरसा लिहिलाय, दाखवा. सगळ्या तालुक्याला घाम फुटला. आजवर साहित्याच्या रकान्यात शिक्षकांनी काय काय लिहून ठेवलं होतं ते आठवून मला आजही हसू येतं. एकाने पहिलीच्या मोजणीला 'हत्ती' लिहिला होता.

पहिल्या भेटीतच साहेबांनी गुरुजींची वही मागितली. वहीत रकाने नव्हते. दर दिवसाला एक ओळ होती: 'अपूर्णांक. भाकरी.' दुसऱ्या दिवशी: 'कालचेच. भाकरी नव्हती.' साहेब शांतपणे म्हणाले की पुढच्या भेटीत पूर्ण टाचण आणि त्यात लिहिलेलं साहित्य वर्गात दिसलं नाही, तर मुख्याध्यापकाचा चार्ज काढून दुसऱ्या शाळेवर पाठवावं लागेल. माझा नाइलाज आहे, असंही म्हणाले. ते खरं असावं.

साहेब गेल्यावर गुरुजींनी त्या रुळाच्या तुकड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "अक्का, तुझी वही दे. उतरवून काढतो."

मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. आता कबूल करते, तो गुरुजींना मदत करण्याचा आनंद नव्हता. माझी वही कुणीतरी मागितली, हा होता. मग पुढच्या गावच्या बिराजदार सरांनी मागितली, नुसतं बघतो म्हणून. त्यांच्याकडून ती त्यांच्या मेहुण्याकडे गेली. तिथून एसटीच्या कंडक्टरमार्फत आणखी दोन गावांना. कुणी मूळ वहीवरून उतरवलं, कुणी उतरवलेल्यावरून. माझी वही दिवाळीनंतर परत आली तेव्हा तिला कव्हर नव्हतं आणि मधल्या पानांवर उसाच्या रसाचे डाग होते. मी ते डाग मोठ्या अभिमानाने मिरवले.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. जुलैच्या नियोजनात दुसरीला 'पावसाळा' हा घटक होता आणि मी कृती लिहिली होती, मुलांना खिडकीतून पाऊस दाखवणे. खिडकीतून बैलगाडीची धूळ दिसे. बी रुजवण्याच्या प्रयोगाला एका वाटीत ओले हरभरे ठेवले, तर मधल्या सुट्टीत कोंबड्यांनी पाणी प्यायलं आणि पोरांनी हरभरे खाल्ले. बाष्पीभवन मात्र सोपं गेलं. शाळेच्या रांजणानेच ते शिकवलं. जानेवारीत विहिरीने तळ दाखवला आणि दर तिसऱ्या दिवशी टँकर येऊ लागला. टँकरच्या दिवशी चौथीच्या मुली तिसऱ्या तासाला उगवत, केस ओले आणि डोक्यावर चुंबळीचा वळ. गुरुजी हजेरी तेव्हा घेत.

अशात एका दुपारी बिराजदार सर सायकलवर आले. सायकल लिंबाला लावली नाही, हातातच धरून उभे राहिले.

"बाई, एक खरं सांगा. ते तेल कशाला लिहिलंत ओ?"

मला कळेना. त्यांनी वही काढली. चौथी, गणित, घटक: धारकता. भांड्यात किती मावतं ते लिटरमध्ये मोजण्याचा पाठ. साहित्याच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: लिटरचे माप, बादलीभर पाणी, नरसाळे, आईच्या गुडघ्यांचे तेल.

तेव्हा मला निलंग्याचा बसस्टँड आठवला. मे महिना, दोन तास न आलेली भोकरकडची गाडी, मांडीवर वही. धारकतेचा पाठ लिहिता लिहिता आईसाठी तेल घ्यायचं राहिलंय हे आठवलं. तिथल्या एका काष्ठौषधीच्या दुकानातलं तेलच तिच्या गुडघ्यांना चाले. विसरू नये म्हणून ते मी समोर जी यादी होती तिच्यात लिहिलं. मग तेल घेतलं, गाडी आली, खोडायचं राहून गेलं.

"तुम्ही हे असंच उतरवलंत?" मी विचारलं.

"आम्हाला वाटलं, नांदेडला नवीन काही शिकवत असतील."

साहेब या महिन्यात मुद्दाम धारकतेचाच पाठ बघत फिरत होते, दुष्काळात पाण्याची मोजदाद मुलांना यावी म्हणून. पहिल्या शाळेत तेल दिसलं तेव्हा त्यांनी सोडून दिलं. दुसऱ्या शाळेतही दिसलं. तेव्हापासून ते प्रत्येक शाळेत तेच विचारत होते. एका शिक्षकाने सांगितलं की तेल पाण्यावर तरंगतं, ते दाखवायला. मग आईचंच का, यावर ते मुलांना पाढे म्हणायला लावून मोकळे झाले. दुसऱ्याने नरसाळ्याला आतून तेल लावलं की थेंब वाया जात नाही असं सांगून वेळ मारून नेली. बिराजदार सरांनी तर आई म्हणजे गावची देवी, तिच्या समईतलं तेल, इथपर्यंत मजल मारली होती. गुडघ्यांचा खुलासा करताना मात्र त्यांची जीभ अडखळली. "अकरा शाळा झाल्या," ते म्हणाले. "उद्या तुमच्याकडे यायलेत. वही कुठून निघाली ते मी सांगितलं न्हाई. पण लई दिवस लपायचं न्हाई."

मी गुरुजींची वही उघडली. त्यांनीही तेल उतरवलं होतं. त्यांची आई जाऊन वीस वर्षं झाली होती.

बाकीच्यांना फार तर मेमो मिळाला असता. गुरुजींना घंटा मिळाली नसती. मी पान फाडून नवीन लिहू म्हणाले. गुरुजी म्हणाले, पानांना नंबर टाकलेत, तुझ्याच वहीत बघून. मी ओळ खोडू म्हणाले. "खोडलं की साहेबाला तेवढंच दिसतंय," ते म्हणाले. "राहू दे. लिहिलंय तर लिहिलंय."

तेलाहून मोठी अडचण बादलीभर पाण्याची होती. टँकर परवा यायचा. मी लगेच यादी केली: सरपंचांकडे मागणे, प्रत्येक मुलाने एक तांब्या आणणे, मठातल्या हौदातून घेणे, पाठ पुढे ढकलणे. संध्याकाळपर्यंत सगळ्या ओळींवर काट मारून झाली. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून दाखवायला पाणी कोण देणार? सरपंचांच्या बायकोने तर मला दारातच विचारलं, शिकवून झाल्यावर परत आणून देणार का. गुरुजींनी माझी यादी वाचली, घडी करून मला परत दिली आणि चौथीच्या पोरांना ओढ्याकडे पिटाळलं. कोरडी वाळू आणायला.

दुसऱ्या दिवशी साहेब फाट्यापासून चालत आले. तीन किलोमीटर, भर उन्हात. आल्या आल्या मी तांब्यातून पाणी दिलं, तेव्हा त्यांनी अर्धंच प्यायलं आणि उरलेलं परत ठेवलं. माणूस वाईट नव्हता, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मग चौथीच्या वर्गात गेले, वही उघडली, बोट साहित्याच्या रकान्यावर ठेवलं. बोट खाली सरकत तेलापाशी थांबलं. त्यांनी वही मिटली.

"आधी पाठ घ्या," ते म्हणाले. "मग विचारतो."

वर्गाच्या मधोमध वाळूचा ढीग होता. भोवती मुलांनी घरून आणलेली रिकामी भांडी: घागरी, कळशा, चरव्या, रॉकेलचा पाच लिटरचा डबा. दुकानदाराकडून आणलेलं लिटरचं माप आणि एक रुंद नरसाळं. साहेबांनी पाणी कुठंय विचारलं. गुरुजी म्हणाले की पाणी रोजच मोजतात पोरं, आज वाळू मोजू. वाळू सांडली तर भरून घेता येते.

मग त्यांनी एक पितळी घागर पुढे ओढली आणि मोजण्याआधी अंदाज विचारला. हे गुरुजींचं नेहमीचं. आधी बोला, मग मोजा, मग आपलं आपण लाजा. मुलांनी आकडे सांगितले. गुरुजी साहेबांकडे वळले आणि अगदी साधेपणाने म्हणाले की साहेबांनीही एक आकडा द्यावा.

"वीस लिटर," साहेब म्हणाले.

मागच्या रांगेत एक मुलगी हसली. महानंदा तिचं नाव. टँकरच्या दिवशी सगळ्यात उशिरा येणारी. गुरुजींनी तिला उभं केलं.

"वीस न्हाई, साडेबारा," ती म्हणाली. "ह्या डब्यानं अडीच डबे बसतंय."

"कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"घागर आमची हाय. साहेब, तुमच्या घरी नळ हाय का?"

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मुलं नरसाळ्यातून मापामापाने वाळू ओतू लागली, पट्टीने काठ सपाट करत, सगळा वर्ग एका सुरात मोजत. बारा मापं झाली. तेरावं अर्धं ओतलं आणि वाळू गळ्याशी आली. महानंदा खाली बसली. तिने साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही.

साहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, ही घागर लहान आहे, शहरात मोठ्या मिळतात, ती वर टेबलावर ठेवू म्हणजे सगळ्यांना दिसेल. गुरुजी थांबा म्हणेपर्यंत त्यांनी वाकून दोन्ही हातांनी घागर उचलली. साडेबारा लिटर पाणी आणि साडेबारा लिटर वाळू यांच्या वजनात केवढा फरक असतो, हा विज्ञानाचा पाठ आमच्या टाचणात नव्हता. घागर वीतभर वर आली. मग एक बारीक कट् असा आवाज झाला आणि साहेब उजवा गुडघा धरून वाळूच्या ढिगावर बसले.

वर्गात कुणी हसलं नाही. गुरुजींनी नुसतं एकदा जोंधळ्याचं ताट उचललं होतं. मग ते माझ्याकडे वळले.

"अक्का, साहित्य आण."

तेल माझ्या कपाटातच होतं. सुट्टीत भोकरला न्यायला नवीन बाटली आणून ठेवली होती. मी धावत आणली. गुरुजींनी साहेबांना भिंतीला टेकवलं, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चोळायला बसले. तळव्यावर तेल घेताना त्यांनी बाटली वर्गाला दाखवली आणि विचारलं, हिच्यात किती मावत असेल, लिटरचा कितवा हिस्सा. पाव, एकजण म्हणाला. अर्धा पाव, महानंदा म्हणाली. बाटली एकशे पंचवीसचीच होती.

दहा मिनिटांनी साहेबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी बाटली हातात घेतली, वास घेतला, आणि विचारलं, कसलं तेल आहे.

गुरुजी माझ्याकडे बघू लागले. खोटं सांगण्याचे तीन नमुने मला पाठ होते. पण माझ्या यादीमुळे त्यांची घंटा जाणार असेल तर निदान यादी कुणाची ते तरी कळावं, असं मला वाटलं.

"आईच्या गुडघ्यांचं," मी म्हणाले. "माझ्या आईच्या. वही माझी आहे साहेब. स्टँडवर बसून लिहिताना घरची यादी त्यात गेली. बाकीच्यांनी विश्वासाने उतरवली."

साहेबांनी बाटली खाली ठेवली. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, गुडघा पुन्हा दुखतोय. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अकरा शाळांच्या वह्यांत हे तेल वाचलं," ते शेवटी म्हणाले. "वापर फक्त इथं दिसला."

शेरेबुकात त्यांनी लिहिलं: 'टाचणात नमूद केलेल्या साहित्याचा प्रत्यक्ष वापर पाहिला. समाधानकारक.' पाण्याचा उल्लेख केला नाही. जाताना बाटली मात्र घेऊन गेले. आईला मी ती सांडली म्हणून सांगितलं.

एक अट त्यांनी घातली. उरलेले महिने गुरुजींनी स्वतःचं टाचण स्वतः लिहावं. गुरुजींनी लिहिलंही, रकाने आखून. पण प्रत्येक रकान्यात एकेक शब्द. 'काटकोन. दार.' 'वजन. दप्तर.' 'सावली. मी.' ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी त्यांनी रुळाच्या तुकड्यावर शेवटचा टोल दिला, नेहमीपेक्षा जरा लांबवून, आणि रस्ता ओलांडून घरी गेले. ती वही त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली होती. अक्का, तुला दिली, असं म्हणाले होते.

इथे मला एक गोष्ट लिहावी लागते. मी ती वही वाचली आणि मला ती अपुरी वाटली. उद्दिष्टं नाहीत, मूल्यमापन नाही. कपाट आवरताना जुन्या कागदांच्या यादीत मीच ती टाकली. माझ्या हाताने. रद्दीवाला घेऊन गेला. आज नाही म्हटलं तरी शेकडो पाठांची टाचणं माझ्याकडे आहेत, नंबर टाकून, शिवून ठेवलेली. ज्या वहीतून खरं काही शिकता आलं असतं ती त्यात नाही.

आता मी स्वतः मुख्याध्यापिका आहे आणि लाल शाईचा पेन माझ्याकडे असतो. गेल्या वर्षी आमच्याकडे नव्याने आलेल्या एका सरांची टाचणवही सहीला आली. चौथी, गणित, धारकता. साहित्य: लिटरचे माप, बादली, नरसाळे, तेल. आई आणि गुडघे वाटेत कुठेतरी गळून पडले होते. तेल पोहोचलं होतं.

"तेल कशाला, सर?" मी विचारलं.

त्यांनी वहीत वाकून बघितलं. "मॅडम, आधीपासूनच असंय."

मी सही केली नाही. त्यांना समोर बसवून महानंदाच्या घागरीची गोष्ट सांगितली, तिथल्या तिथे साहित्याच्या रकान्यात लाल शाईने नवीन यादी लिहून दिली, आणि आजच्या आज स्वच्छ उतरवून घ्या म्हणून सांगितलं. गुरुजींचा एक तरी पाठ वहीत गेला, म्हणून त्या दिवशी मी फार खुशीत होते.

संध्याकाळी काष्ठौषधीच्या दुकानासमोर उभी राहिले. आता ते तेल माझ्याच गुडघ्यांना लागतं. काय काय घ्यायचं ते बघायला पर्समधली यादी काढली, तर तेल त्यात नव्हतं. सकाळी कुठेतरी लिहिलेलं मात्र पक्कं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही पुढे ठेवली. अक्षर सुरेख होतं. साहित्य: रिकामी घागर, कोरडी वाळू, लिटरचे माप, रुंद नरसाळे, गुडघ्यांचे तेल (मोठी बाटली).